किशोरवयीन मुलांविषयीची बातमी कशी तपासावी आणि चुकली असल्यास काय करावे

आमच्या तालुक्याच्या गावी शाळा पाच वाजता सुटते आणि खेड्याकडे जाणारी एसटी साडेसहाला लागते. मधला दीड तास मुले बसस्थानकाच्या कठड्यावर बसून काढतात. दोन वर्षांपूर्वी एका दैनिकाच्या स्थानिक पानावर याच कठड्याचे छायाचित्र ‘बसस्थानकात टवाळखोरांचा उच्छाद’ या मथळ्याखाली छापून आले. त्यात दहावीतला माझा एक विद्यार्थी मांडीवर भूमितीची वही घेऊन बसलेला होता आणि गणवेशावरचा शाळेचा बिल्ला स्पष्ट वाचता येत होता. तो आठवडाभर शाळेत आला नाही. घरी गेलो तेव्हा एवढेच म्हणाला, “सर, आमनी गाडीच साडेसहाले येस.” त्या वेळी मला जे सुचले नाही आणि नंतर शिकावे लागले, ते खान्देशातील पालकांसाठी व शिक्षकांसाठी येथे लिहीत आहे.

बातमी प्रथम मथळा झाकून वाचावी. नेमके काय घडले, केव्हा घडले आणि तक्रार कोणी केली, हे मजकुरात सापडते का ते पाहावे. आमच्या बातमीत ‘नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे’ एवढेच होते. एकाही नागरिकाचे म्हणणे नव्हते आणि गुन्ह्याची नोंदही नव्हती. मग ज्यांचे म्हणणे छापले आहे त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारावी. पोलीस, दुकानदार, नगरसेवक बोलले असतील, पण ज्या मुलांविषयी बातमी आहे त्यांच्यापैकी कोणीच बोलले नसेल, तर ती एकाच बाजूची बातमी आहे. दोघा-तिघांच्या कृत्याला ‘टोळी’ किंवा ‘बिघडलेली पिढी’ म्हटले असेल, तर त्या शब्दाला मजकुरात आधार आहे का, हेही तपासावे.

आकड्यांची जोड द्यावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशभरात अल्पवयीन आरोपींविरुद्ध 30,555 गुन्हे नोंदले गेले, तर त्या वर्षीचे एकूण दखलपात्र गुन्हे 58,24,946 होते. म्हणजे दोनशे गुन्ह्यांमागे साधारण एक. नववीच्या वर्गाकडून महिनाभर कात्रणे जमवून घेतली, तेव्हा त्यांत एकीकडे गुणवंत, खेळाडू आणि 1942 साली नंदुरबारला गोळीबारात हुतात्मा झालेले शिरीषकुमार होते, तर दुसरीकडे चोर आणि टवाळखोर होते. शाळा सुटल्यावर केळीच्या बागेत बापाला मदत करणारा मुलगा एकाही कात्रणात नव्हता.

यानंतर ओळखीचा प्रश्न येतो, आणि लहान गावात तोच सर्वांत गंभीर आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या), पीडित किंवा साक्षीदार बालकाचे नाव, पत्ता, शाळा अथवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नाव गाळले तरी ‘अमुक गल्लीतील, नववीत शिकणारा, किराणा दुकानदाराचा धाकटा मुलगा’ असे लिहिले, तर रावेर किंवा यावल तालुक्यातील कोणत्याही गावात ते नाव छापण्यासारखेच आहे. ही मनाई संपर्काच्या इतर साधनांनाही लागू असल्याने असे कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवू नये, अगदी निषेध म्हणूनसुद्धा.

आमच्या मुलांवर गुन्हाच नव्हता, त्यामुळे आमचा मार्ग संपादकांकडे जाणारा होता. अशा पत्रात आवृत्ती, दिनांक, पान आणि आक्षेपार्ह वाक्य जसेच्या तसे द्यावे, खरी परिस्थिती पुराव्यासह मांडावी (आमच्याकडे एसटीचे वेळापत्रक होते) आणि त्याच पानावर खुलासा मागावा. रागाची विशेषणे टाळावीत, कारण त्यांच्यामुळे मुद्दा बाजूला पडतो. पत्राची प्रत व टपालाची पावती जपून ठेवावी. उत्तर न आल्यास भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक व साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची मुदत असते. परिषद दंड करू शकत नाही, मात्र समज देऊ शकते आणि ठपका ठेवू शकते. वृत्त-संकेतस्थळ असेल तर 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

हे सर्व करण्यापूर्वी त्या मुलाला विचारावे. माझ्या विद्यार्थ्याला आपले नाव पुन्हा कोठेही नको होते. तो त्याचा अधिकार होता आणि मी तो मान्य केला. तो शाळेत परतल्यावर कठड्यावरच्या मुलांनी साडेपाचच्या गाडीची मागणी करणारे पत्र आगार व्यवस्थापकांना लिहिले. मी त्यातले फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले. खाली सतरा सह्या होत्या, आणि विचारलेले नसतानाही त्यांपैकी एक त्याची होती.