मुलांच्या तोंडी बसलेल्या शिव्या कशा सोडवाव्यात

मुलाच्या तोंडून पहिली शिवी निघते तेव्हा घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते: आजीला किंवा मामाला हसू आवरत नाही, नाहीतर आईवडील फटका देऊन मोकळे होतात. परिणाम मात्र एकच होतो. या एका शब्दाने मोठी माणसे हातातले काम टाकून आपल्याकडे वळतात, हे मुलाच्या पक्के ध्यानात येते आणि मग तोच शब्द पाहुण्यांसमोर किंवा लग्नाच्या पंगतीत पुन्हा बाहेर येतो. म्हणूनच शिवी सोडवायची असेल, तर आधी तिचा हा दरारा काढून घ्यावा लागतो.

दोन ते चार वर्षांच्या मुलाला अर्थ ठाऊक नसतो; ते ऐकलेला सूर आणि प्रसंग तेवढा उचलते. अशा वेळी चेहऱ्यावर काहीही न दाखवता सरळ दुसरा विषय काढावा. ‘परत म्हण बघू’ असे गमतीनेही म्हणायचे नाही आणि मोबाइलवर चित्रित करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे नाही, हे घरातील प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे. दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस मूल तो शब्द अधिक जोरात उच्चारते, कारण नेहमीचा प्रतिसाद कुठे गेला हे त्याला पाहायचे असते. याच टप्प्यावर कोणीतरी एकदा हसते किंवा ओरडते आणि सगळे मुसळ केरात जाते. तेवढे दिवस मात्र निग्रहाने काढावेत.

शाळकरी मुलाकडे दुर्लक्ष करून भागत नाही. त्याला आवाज न चढवता, दोनच वाक्यांत सांगावे: ‘हा शब्द आपल्या घरात चालत नाही. राग आला असेल तर काय झालं ते सांग.’ ‘कोणी शिकवलं तुला?’ अशी उलटतपासणी लगेच सुरू केली, तर मूल मित्राचे नाव घेऊन सुटका करून घेते आणि विषय शेजारच्या मुलाच्या वळणाकडे सरकतो.

शिवी काढून घेतल्यावर रिकाम्या जागी काय ठेवायचे, याचा विचार फार थोडे पालक करतात. माझ्या मते खरे काम इथेच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट चालू असते, धावबादवरून वाद पेटतो आणि नऊ वर्षांचा मुलगा समोरच्याची आई काढतो, कारण त्या क्षणी त्याच्याजवळ दुसरे वाक्यच नसते. संध्याकाळी तो शांत झाल्यावर तोच प्रसंग घेऊन वाक्य तयार करावे: ‘माझी बॅट आधी टेकली होती, मी आउट नाही. तुम्ही ऐकणार नसाल तर मी खेळत नाही.’ हे त्याच्याकडून दोन-तीनदा मोठ्याने म्हणवून घ्यावे. ठेच लागली किंवा डाव हरला, तर ‘हात्तिच्या’, ‘छे’, ‘बोंबला’ असे उद्गार मराठीत आहेतच. ते खुशाल वापरू द्यावेत.

आठ-नऊ वर्षांनंतर अर्थ टाळू नये. आपल्याकडच्या बहुतेक जहरी शिव्या आई-बहिणीवरून असतात. भांडण दोन मुलांचे आणि विटंबना मात्र तिथे नसलेल्या बाईची, एवढे त्या वयाच्या मुलाला नीट कळते. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशी शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला, हे मुलांना जरूर सांगावे. घरात मात्र पैशांचा दंड ठेवू नये, कारण खाऊच्या पैशांतून शिवी विकत घेता येते असा मुलाचा समज होतो. जातीवरून, रंगावरून किंवा अपंगत्वावरून कोणाला हिणवले असेल, तर तो साध्या रागाचा उद्गार समजू नये. त्या मुलाची माफी मागायला लावावी आणि त्याला काय वाटले असेल यावर सविस्तर बोलावे.

तोंडात तिखट घालण्याची जुनी शिक्षा क्रूर आहे आणि धोक्याचीही, कारण तिखट श्वासनलिकेत जाऊ शकते. चारचौघांत अपमान करण्यानेही मूल शिवी सोडत नाही, फक्त ती आपल्यासमोर देत नाही.

नियम मोठ्यांनाही लागू हवा. गाडी चालवताना बाबांच्या तोंडून ‘च्यायला’ आणि त्यापुढचे काही निघत असेल, तर मागच्या सीटवर बसलेले मूल ते ऐकत असते. असे झाल्यास ‘चुकलं माझं, असं बोलायला नको होतं’ हे बाबांनी मुलासमोरच म्हणावे. ‘मग शिमग्यात कसं चालतं?’ असा प्रश्न आला, तर ती मोकळीक सणाच्या ठरलेल्या दिवसांपुरती असते आणि कोणा एकाला दुखावण्यासाठी नसते, हे खरे उत्तर द्यावे.

ओटीटीवरील मालिकांना २०२१च्या नियमांनुसार ७+, १३+, १६+ अशी वयोगटाची वर्गवारी दिलेली असते आणि १३+ व त्यावरील मजकुरासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय असते, ती वापरावी. ऑनलाइन गेममध्ये अनोळखी मोठ्या मुलांची शिवीगाळ थेट कानात पडते, म्हणून लहान मुलांसाठी व्हॉइस चॅट बंदच ठेवावे.

सुधारणेला काही महिने लागतात आणि मधूनमधून घसरण होते. मात्र एरवी शांत असलेले मूल अचानक सतत शिव्या देऊ लागले, तर शाळेत कोणी त्याला छळत आहे का, हे वर्गशिक्षकांशी बोलून पाहावे. आणि शब्दांबरोबर डोळे मिचकावणे, मान किंवा खांदा झटकणे असे प्रकार त्याच्या इच्छेविरुद्ध होत असतील, तर त्याला न रागावता बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.