पदावनतीचा आदेश हातात पडला तर

पदोन्नतीचे वाद आदेश निघतो त्या दिवशी सुरू होत नाहीत. ते बहुतेकदा ज्येष्ठता यादीतच हरलेले असतात, म्हणून नव्या पोलीस शिपायाने पहिल्या वर्षापासून या यादीवर लक्ष ठेवावं. 1 जानेवारीची स्थिती दाखवणारी तात्पुरती यादी एस.पी. ऑफिसची आस्थापना शाखा काढते. त्यात नियुक्तीचा दिनांक, प्रवर्ग आणि खात्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याची तारीख सेवापुस्तकाशी ताडून बघा. चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. कारकुनाला तोंडी सांगितलेलं पुढे कोणी मानत नाही.

पदावनतीचा आदेश आलाच, तर ती शिक्षा आहे की प्रशासकीय, हे आधी ठरवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शिक्षा असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 25 आणि 1956 चे शिक्षा व अपिले नियम लागतात. दोषारोप, चौकशी आणि बचावाची संधी दिल्याशिवाय पद उतरवलं, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 311(2) चा भंग होतो. प्रशासकीय पदावनतीत मूळ पदोन्नतीचा आदेश काढून वाचा. ‘निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात’ किंवा ‘न्यायालयीन निर्णयाच्या अधीन राहून’ असं त्यात लिहिलेलं असेल, तर त्या पदावर हक्क सांगणं अवघड जातं. मात्र धिंग्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालीच सांगितलंय की, पदावनतीमुळे मूळ पदावरची ज्येष्ठता गेली किंवा पुढच्या पदोन्नतीची संधी मारली गेली, तर आदेशाची भाषा कितीही साधी असली तरी ती शिक्षाच ठरते. ज्येष्ठतेला धक्का बसला का, हे म्हणूनच लगेच तपासा.

कधी कधी कर्मचाऱ्याचा काहीच दोष नसतो. 2018 मध्ये नाशिकच्या अकादमीत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या 154 उपनिरीक्षकांना पदोन्नतीतल्या आरक्षणाच्या वादापायी मूळ पदावर पाठवण्याची वेळ आली. अशा वादात स्वतःची कागदपत्रं चोख असूनही माणूस भरडला जातो, आणि याचं वाईट वाटतं.

दाद मागण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी खात्यात अपील. त्यावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर पुढच्या एका वर्षात मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, मूळ अर्ज करायचा. निर्णय झाला, तर वर्ष निर्णयाच्या तारखेपासून मोजतात. एकामागून एक विनंतीअर्ज दिल्याने ही मुदत वाढत नाही, आणि बरेच जण नेमके इथेच अडकतात. कोल्हापुरात ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. म्हणून थेट तिथे जाता येईल असं अनेकांना वाटतं. पण सेवाविषयक वाद आधी मॅटमध्येच चालतो, आणि कोल्हापूरसाठी ते मुंबईला आहे. उच्च न्यायालय त्यानंतर.

अर्जात ज्यांची ज्येष्ठता बदलणार आहे, त्या सहकाऱ्यांनाही प्रतिवादी करा. त्यांना वगळलं तर चांगला अर्जही फेटाळला जातो. अंतरिम स्थगिती मागायची असेल, तर कार्यमुक्त होण्याआधी धावा. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 20 मध्ये ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द असल्याने तातडीच्या प्रकरणात अपिलाची वाट न बघताही दाद मागता येते.

वरच्या पदाचं काम करून घेतलेल्या काळातला पगार वसूल करायला निघाले, तर रफिक मसीह (2014) हा निकाल दाखवा. त्याने अशी वसुली चुकीची ठरवली आहे. पण जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र आधी दिलेलं असेल, तर जगदेव सिंग (2016) या निकालामुळे हा बचाव लंगडा पडतो. हमीपत्रावर सही करण्याआधी त्यातली प्रत्येक ओळ वाचा आणि प्रत स्वतःकडे ठेवा.