‘पाच वर्षांपासून’: सिन्स की फॉर?

अर्जात मी दर वेळी लिहायचे, ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’, आणि दर वेळी साहेबांची लाल रेघ. नियम पाठ केले, सरावाची वही भरली; लिहायला बसलं की पुन्हा तेच. अगदी रडकुंडीला आले होते. मूळ आपल्या ‘पासून’मध्ये आहे: ‘पाच वर्षांपासून’, ‘२०१९पासून’, मराठीला एकच शब्द पुरतो, इंग्रजीला दोन लागतात.

आता आधी मराठी वाक्यातला ‘पासून’ खोडते. उरलेल्या शब्दाला विचारते, ‘किती काळ?’ की ‘केव्हा?’ ‘पाच वर्षं’ म्हणजे काळ, तिथे ‘फॉर’. ‘२०१९’, ‘सोमवार’, ‘लग्न झालं तेव्हा’ ही सुरुवात, तिथे ‘सिन्स’. मगच क्रियापद: काम अजून चालू असेल तर ‘अ‍ॅम वर्किंग’ऐवजी ‘हॅव बीन वर्किंग’. परवाच्या अर्जात ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिलं. रेघ आली नाही.