महागडा आइस बॉक्स घेण्याआधी बर्फाचा हिशेब कसा करावा

सहलीसाठी आइस बॉक्स घ्यायचा ठरवले की बाजारात दोन टोकांच्या वस्तू समोर येतात. एकीकडे मासळीबाजारात काही शे रुपयांना मिळणारी थर्माकोलची पेटी किंवा दोन-चार हजारांत मिळणारा देशी प्लॅस्टिकचा बॉक्स असतो. दुसरीकडे जाड भिंतींचे, रबरी कड्यांचे आणि पाच-पाच दिवस बर्फ टिकवण्याची हमी देणारे बॉक्स असतात, ज्यांची किंमत कित्येक पटींनी जास्त असते. महाग बॉक्समध्ये बर्फ जास्त टिकतो, यात शंका नाही. पण तो आपण घ्यावा की नाही, हे तेवढ्याने ठरत नाही. आपल्याला बर्फ किती वेळ टिकवायचा आहे, तो नेमका कशामुळे वितळतो आणि वाटेत पुन्हा मिळण्याची सोय आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी काढावी लागतात. ती कागदावर थोड्या वेळात निघतात आणि बहुतेक कुटुंबांचे बरेच पैसे वाचवतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

किंमत कशाची असते

या महाग बॉक्सचे लोण अमेरिकेतून आले. २००६ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे रॉय आणि रायन सायडर्स या भावांनी 'येती' ही कंपनी सुरू केली, आणि मासेमारी-शिकारीला जाणाऱ्यांसाठी बनवलेला तिचा बॉक्स पुढे साध्या सहलींतही दिसू लागला. असे बॉक्स रोटोमोल्डिंग पद्धतीने बनतात. साच्यात पॉलिएथिलीनची भुकटी घालून साचा तापवत दोन दिशांनी फिरवतात, त्यामुळे प्लॅस्टिकचा जाड, बिनसांध्याचा सांगाडा तयार होतो. हे काम संथ आहे आणि किमतीचा मोठा भाग त्यातच जातो. या सांगाड्याच्या पोकळीत पॉलियुरेथेन फोम भरलेला असतो, झाकणातही तो असतो आणि झाकणाच्या कडेला फ्रिजच्या दाराला असते तशी रबरी पट्टी असते.

बर्फ टिकवण्याचे काम फोम आणि ती पट्टी करतात. जाड प्लॅस्टिक मुख्यतः मजबुतीसाठी असते. बॉक्सवर उभे राहून गळ टाकायचा असेल किंवा तो बोटीत, पिकअपच्या हौद्यात वर्षानुवर्षे आपटणार असेल, तर या मजबुतीला अर्थ आहे. गाडीच्या डिकीत गादीसारख्या जागी ठेवून वर्षातून दोनदा बाहेर काढायच्या वस्तूसाठी ती मजबुती विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

तिची किंमत वजनातही मोजावी लागते. येतीचा टुंड्रा ४५ हा मध्यम आकाराचा बॉक्स रिकामा असतानाच साडेदहा किलोंच्या आसपास भरतो आणि बाहेरून सुमारे शंभर लिटर जागा व्यापतो. लहान हॅचबॅक गाडीची डिकी साधारण अडीचशे लिटरची असते. म्हणजे चार जणांच्या सामानातली बरीच जागा हा एकच बॉक्स घेतो, आणि आत मात्र चाळीस लिटरही सामान मावत नाही.

बर्फाचा हिशेब

एक किलो बर्फ शून्य अंशावर पूर्ण वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. आइस बॉक्समधल्या बर्फाला दोन ठिकाणांहून येणारी उष्णता झेलावी लागते. पहिली आत ठेवलेल्या कोमट वस्तूंची, दुसरी भिंती-झाकणातून सतत झिरपणारी.

दुसरी आधी पाहू. एकूण पृष्ठभाग एक चौरस मीटर असलेला, म्हणजे साधारण चाळीस लिटर सामान मावणारा बॉक्स घ्या आणि बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान धरा. भिंतीत पाच सेंटिमीटर चांगला पॉलियुरेथेन फोम असेल, तर चोवीस तासांत सुमारे ४ किलो बर्फ वितळतो. तोच फोम अडीच सेंटिमीटर असेल, तर सुमारे ८ किलो. अडीच सेंटिमीटर थर्माकोल असेल, तर सुमारे ११ किलो. हे आकडे फोमच्या उष्णतावाहकतेवरून काढलेले आहेत. प्रत्यक्षात झाकणाच्या फटी आणि वारंवार उघडझाप यांमुळे ते वाढतात, पण तुलनेसाठी पुरेसे आहेत. महाग बॉक्स स्वस्त बॉक्सपेक्षा दोन ते पावणेतीन पटीने चांगला आहे. किंमत मात्र त्याहून कितीतरी अधिक पटीने जास्त असते.

आता जाहिरातीतल्या पाच दिवसांचा अर्थ लागतो. चाळीस लिटरच्या बॉक्समध्ये बर्फाचे सुटे खडे काठोकाठ भरले, तर सुमारे २० किलो बसतात, आणि दिवसाला ४ किलोच्या हिशेबाने ते खरोखर पाच दिवस पुरतात. पण त्या बॉक्समध्ये दुसरे काहीही ठेवलेले नसते. एक तृतीयांश बर्फ आणि बाकी सामान अशी आपण नेहमी करतो तशी भरणी केली, तर सात किलोच्या आसपास बर्फ उरतो, आणि तो त्याच महागड्या बॉक्समध्ये दोन दिवसही पुरत नाही.

पहिली उष्णता, म्हणजे सामानाची, बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ३० अंशांवरचे एक लिटर पाणी ४ अंशांपर्यंत थंड करायला सुमारे ३०० ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. दुकानातून आणलेल्या दहा लिटर पाण्याच्या बाटल्या तशाच आत टाकल्या, तर तीन किलो बर्फ निव्वळ त्यांना थंड करण्यात संपतो. अडीच सेंटिमीटर फोमऐवजी पाच सेंटिमीटर फोमचा बॉक्स घेऊन आपण दिवसाला जो चार किलो बर्फ वाचवतो, त्याच्या पाऊणपट हा आकडा आहे. त्याच बाटल्या आदल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, तर हे तीन किलो फुकट वाचतात. त्यातल्या निम्म्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवल्या, तर आणखी पाच किलो बर्फ मिळतो, जो वितळल्यावर पिताही येतो आणि ज्याच्या पाण्यात डबे तरंगत नाहीत. बाटल्या गोठवताना वर थोडी जागा रिकामी सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते.

भरण्याची रीत

बॉक्स माळ्यावरून काढून लगेच भरू नये. आदल्या रात्री त्यात गोठवलेल्या दोन-तीन बाटल्या ठेवून झाकण लावावे, म्हणजे भिंतींत साठलेली उष्णता निघून जाते. दूध, दही, पनीर, मॅरिनेट केलेले चिकन असे सगळे सामान फ्रिजमधून थेट बॉक्समध्ये जावे. तळाशी मोठ्या तुकड्यांचा बर्फ ठेवावा. वजन तेवढेच असले तरी मोठ्या तुकड्याचा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून तो हळू वितळतो. सुटा चुरा लवकर थंड करण्यासाठी चांगला, टिकवण्यासाठी नव्हे. बर्फावर मीठ टाकल्याने तापमान शून्याच्या खाली जाते, पण बर्फ उलट लवकर संपतो, म्हणून कुल्फीच्या मटक्यातली युक्ती इथे वापरू नये. वर उरलेली पोकळी टॉवेलने भरावी, कारण रिकाम्या जागेतली थंड हवा झाकण उघडताच बदलली जाते.

पिण्याच्या बाटल्यांसाठी वेगळी छोटी पिशवी ठेवावी, हा मला सर्वांत उपयोगी वाटणारा बदल आहे. मुले दर पंधरा मिनिटांनी पाणी मागतात, आणि प्रत्येक वेळी दूध-मांसाचा मोठा बॉक्स उघडला गेला, तर कितीही महाग फोम असला तरी त्याचा उपयोग राहत नाही.

देशी स्वस्त बॉक्सचे झाकण अनेकदा आतून पोकळ असते. बोटाने वाजवून पाहिले की ते कळते. अशा झाकणाच्या आतल्या बाजूच्या मापाचा थर्माकोलचा तुकडा कापून सामानावर ठेवला, तर मोठा फरक पडतो. त्याहून मोठा फरक जागेचा आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी ५० अंशांपर्यंत तापू शकते, आणि तिथे ३० अंशांच्या तुलनेत बर्फ सुमारे पावणेदोन पट वेगाने वितळतो. प्रवासात बॉक्स एसी चालू असलेल्या भागात, पायाशी ठेवावा आणि मुक्कामी सावलीत, जमिनीपासून थोडा वर ठेवावा. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाऱ्याच्या जागी त्यावर ओले गोणपाट टाकल्याने चांगला गारवा मिळतो. कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग फारसा होत नाही.

वितळलेले पाणी लगेच ओतून देण्याची गरज नसते. ते शून्याच्या जवळपास असते आणि बाटल्यांना सर्व बाजूंनी थंड ठेवते. मासळी आणि उघडे अन्न असेल, तर मात्र पाणी काढलेच पाहिजे.

कोकणची सहल आणि मासळी

पुण्याहून मे महिन्यात मालवणला चार दिवस जाणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. चार दिवस म्हटल्यावर चार दिवस बर्फ टिकवणारा बॉक्स हवा असे वाटते, पण प्रत्यक्षात टिकवायचे असतात ते जाताना आणि येताना प्रत्येकी आठ-नऊ तास. मुक्कामी फ्रिज असतो. शिवाय हर्णे, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांवर मासेमारीचा सगळा व्यवहारच बर्फावर चालतो, त्यामुळे तिथे बर्फ मिळवणे अवघड नाही. एक दक्षता मात्र घ्यावी: मासळीसाठीचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचे आदेश निघाले, ते याच कारणाने. असा बर्फ सरबतात तर घालू नयेच, पण खाण्याच्या वस्तूंना त्याचे पाणीही लागू देऊ नये.

येताना सुरमई किंवा पापलेट आणायचे असेल, तर मासे साफ करून घ्यावेत, पिशव्यांत बांधावेत आणि मासळीच्या वजनाइतकाच फोडलेला बर्फ थराथराने घालावा. पाणी निघून जाईल अशी सोय ठेवावी. वीस लिटरच्या थर्माकोलच्या पेटीत नऊ तासांत भिंतींतून जाणाऱ्या उष्णतेने दोन-तीन किलो बर्फ वितळेल, म्हणजे पाच किलो मासळीबरोबर पाच किलो बर्फ घातला, तर घरी पोहोचल्यावरही तो शिल्लक असेल. या कामासाठी वीस हजारांचा बॉक्स घेण्याची गरज नाही. थर्माकोलची पेटी किनाऱ्यावर फोडून टाकू नये, एवढे मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. ती घरी आणून धुऊन पुन्हा वापरता येते.

अन्न ५ अंशांच्या वर किती वेळ राहिले, यावर लक्ष हवे. दूध, मांस, मासे अशा वस्तू कोमट अवस्थेत दोन तासांपेक्षा जास्त, आणि कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त राहिल्या, तर टाकून द्याव्यात. साधा थर्मामीटर आत ठेवला, तर अंदाजावर राहावे लागत नाही. इन्सुलिन नेणाऱ्यांनी विशेष जपावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, पण ते गोठले की निकामी होते. म्हणून कुपी बर्फाला किंवा गोठवलेल्या जेल पॅकला थेट टेकवू नये. कापडात गुंडाळून डब्यात घालून मग ठेवावी.

महाग बॉक्स कोणी घ्यावा

सलग चार दिवस किंवा त्याहून जास्त, जिथे वीज नाही आणि बर्फही मिळत नाही अशा ठिकाणी गाडीने मुक्काम करणाऱ्यांनी, बोटीवर काम असणाऱ्यांनी, आणि वर्षभर जवळजवळ दर आठवड्याला बॉक्स वापरणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. तोही मोठा घ्यावा आणि दोन तृतीयांश बर्फाने भरावा, नाहीतर जाड भिंतींचा लाभ मिळत नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर मुक्कामाला जाणाऱ्यांनी त्याचा विचारच करू नये. दहा किलोची रिकामी पेटी कोणी चढवत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक कारण सांगितले जाते, ते अस्वलांचे. वेस्ट यलोस्टोन येथील प्राणिकेंद्रात खऱ्या ग्रिझली अस्वलांसमोर ठेवून बॉक्स तपासले जातात आणि टिकलेल्यांना प्रमाणपत्र मिळते. पण ते कुलपे लावलेल्या अवस्थेतच लागू असते, आणि प्रमाणित बॉक्सही रात्री गाडीत किंवा छावणीतल्या लोखंडी पेटीत ठेवावा लागतो का, हे त्या-त्या उद्यानाच्या नियमांत पाहावे लागते. केवळ त्या शिक्क्यासाठी ३०० डॉलरच्या वर खर्च करण्याआधी ते नियम वाचावेत.

गाडीच्या सॉकेटवर चालणाऱ्या स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेवर थंड होणाऱ्या पेट्या मी सुचवत नाही. त्या बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण पंधरा-वीस अंशच खाली जातात, म्हणजे ४० अंशांच्या उन्हाळ्यात दूध वीस-पंचवीस अंशांवर राहते. कॉम्प्रेसर असलेला गाडीचा फ्रिज खरोखर थंड करतो, आणि लांबच्या प्रवासांवर वारंवार जाणाऱ्यांनी महाग बॉक्सच्या किमतीशी त्याची तुलना करून पाहावी.

निर्णय घेण्यापूर्वी घरात आहे तो किंवा शेजाऱ्यांकडून आणलेला बॉक्स तपासावा. झाकण आणि काठ यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवून झाकण लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघाली, तर त्या जागी फट आहे. मग दहा किलो बर्फ आत घालून दोन तासांनी जमलेले पाणी फेकून द्यावे, कारण तो बर्फ बॉक्सला थंड करण्यात गेलेला असतो. त्यानंतर बारा तास झाकण न उघडता ठेवावे आणि निघालेले पाणी मोजावे. त्याची दुप्पट केली की त्या बॉक्सची एका दिवसाची खरी गरज कळते. तिला नवा बर्फ न मिळता काढायच्या दिवसांनी गुणावे आणि सामान थंड करायला लागणारा बर्फ त्यात मिळवावा. तेवढा बर्फ सामानासह त्या बॉक्समध्ये मावत असेल, तर नवा घ्यायची गरज नाही. मावत नसेल, तर जाड फोमचा बॉक्स घ्यावा, आणि तो घेताना दुकानात हीच कागदाची पट्टी सोबत न्यावी.