सोडियम पाण्यात सोडण्याआधी: संयुजा इलेक्ट्रॉनांच्या तासाची तयारी

आधी फळ्याची तयारी करा, रसायनांकडे नंतर वळू. "अणूला बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन हवे असतात, म्हणून सोडियम एक देऊन टाकतो आणि क्लोरीन तो घेतो," हे वाक्य आपण सगळेच शिक्षक बोलतो, आणि मुलं ते जसंच्या तसं उतरवून गुणही मिळवतात. या एका तासापुरतं ते बाजूला ठेवायचं ठरवा. सोडियम आपणहून काहीच देत नाही. वायुरूप सोडियमच्या एका मोलमधल्या (मोल म्हणजे ठरलेल्या प्रचंड संख्येइतके अणू) प्रत्येक अणूचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. तोच क्लोरीनला मिळाला की परत येतात फक्त ३४९. एवढ्यावर थांबलं तर व्यवहार सरळ तोट्यात आहे.

म्हणून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात जमाखर्चाचे दोन रकाने आखून ठेवा. खर्चात घन सोडियमचे सुटे अणू करण्याचे १०७, क्लोरीनचा रेणू तोडून एक मोल अणू मिळवण्याचे १२१ आणि वरचे ४९६, एकूण ७२४. जमेत ते ३४९, आणि त्याखाली खरी मोठी रक्कम: सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे भारित झालेले अणू, एकमेकांना धरून स्फटिकात बसतात तेव्हा सुटणारे ७८७. शिल्लक ४१२. मीठ तयार होताना प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा ४११ आहे. मोल नववीत झालेला असतो, तेव्हा आकडे मुलांना जड जाणार नाहीत. बेरीज मात्र त्यांनाच करू द्या.

त्याच फळ्यावर खाली एक छोटा तक्ता हवाच. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन ४९६ला सुटतो, दुसऱ्याला ४५६२ लागतात. मॅग्नेशियमचा पहिला ७३८, दुसरा १४५१, आणि तिसरा एकदम ७७३३. ही उडी जिथे येते तिथे आतलं भरलेलं कवच सुरू होतं. सोडियमची संयुजा एक आणि मॅग्नेशियमची दोन का, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. कार्बनसाठी एकच आकडा पुरे: चारही संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बाहेरच्या कवचातले, काढून टाकायचे म्हटलं तर १४ हजारांवर किलोज्यूल लागतील. एवढी भरपाई कुठलाच स्फटिक करत नाही, म्हणून कार्बन भागीदारीत राहतो आणि सहसंयुज बंध करतो.

आता सामान. सोडियमची बाटली आठवडाभर आधी उघडून पाहा. रॉकेल उडून गेलेलं असेल आणि तुकडे उघडे पडले असतील, तर लिक्विड पॅराफिन घाला, ते औषधाच्या दुकानात मिळतं. कपाटात पोटॅशियमची जुनी बाटली सापडली आणि तुकड्यांवर पिवळट-नारिंगी पापुद्रा दिसला, तर तिला हात लावू नका. तो सुपरऑक्साइडचा थर असतो आणि सुरी लागताच स्फोट होऊ शकतो. ती कशी हलवायची हे जाणकाराला विचारून ठरवा. खरं तर पोटॅशियम शाळेत दाखवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची जांभळट ज्योत चलचित्रात बघितली तरी चालते.

बाकी यादी साधी आहे: रुंद काचेचा ट्रफ (पाण्याचं पसरट भांडं), ॲक्रिलिकचा पारदर्शक पडदा, तुमच्यासाठी आणि पहिल्या बाकांसाठी चष्मे, कोरडा चिमटा, कोरडी सुरी, गाळण कागद, फिनॉल्फ्थॅलिन (ट्रफच्या पाण्यात घालायचा, अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक), कॅल्शियमचे तुकडे, मॅग्नेशियमची फीत आणि बादलीभर कोरडी वाळू. वाळू ओली तर नाही ना, हे हात घालून बघा. पेटलेल्या सोडियमवर पाणी चालत नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामकही चालत नाही.

वाहकतेच्या प्रयोगासाठी ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी, त्याच्यासोबत ४७० ओहमचा रोधक आणि दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली लागतील. नळाचं पाणी नको. त्यात क्षार असल्याने साखरेच्या द्रावणातही एलईडी मिणमिणतो आणि तासाचा विचका होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणा. कोरडं मीठ, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, या क्रमाने तपासा. कोरड्या मिठात आयन असतात, पण जागचे हलत नाहीत. हुशार मुलगी असेल तर विचारेल की पेन्सिल स्वतः वीज कशी नेते. ग्रॅफाइटमधला कार्बन चारपैकी तीन इलेक्ट्रॉनांनी शेजाऱ्यांशी बंध करतो, चौथा थरभर मोकळा फिरतो. हिऱ्यात चारही गुंतलेले असतात. हे उत्तर तयार ठेवा.

आदल्या दिवशी सगळं एकदा रिकाम्या वर्गात करून बघा. सोडियमचा तुकडा ३ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. त्याच्यावरचं पॅराफिन गाळण कागदाने टिपून घ्या, बोटांनी नाही. कापल्यावर आतली चकाकी काही क्षणांतच मंद होते, ती मागच्या बाकांपर्यंत दिसेल असं उभं राहायला शिका. तुकडा वितळून गोळा होतो आणि पाण्यावर सैरावैरा धावतो. त्याला ओल्या कागदावर अडकवून ठेवू नका, उष्णता एका जागी साठते आणि पिवळी ज्योत उठते.

तासाला क्रम मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम असा ठेवा. मॅग्नेशियम थंड पाण्यात जवळजवळ गप्प बसतं. कॅल्शियमच्या तुकड्यांना हायड्रोजनचे बुडबुडे चिकटतात आणि ते वर तरंगतात. दोघांच्याही बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन आहेत, पण कॅल्शियममध्ये ते केंद्रकापासून लांब असल्याने पहिला ५९०लाच सुटतो. आवर्तसारणीच्या एकाच गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना अभिक्रियाशीलता का वाढते, ते इथे डोळ्यांसमोर दिसतं.

आणि मग लिथियमचा प्रश्न येणारच, निदान तुम्ही तो आणा. लिथियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५२० लागतात, म्हणजे सोडियमपेक्षा जास्त. पाण्यात ते सावकाश फसफसतं, हे ठीक. पण विद्युतरसायनाच्या तक्त्यात लिथियम सगळ्यात टोकाला, उणे ३.०४ व्होल्टवर बसलेलं असतं, कारण त्याचा इवलासा आयन पाण्याच्या रेणूंना फार घट्ट धरतो आणि तिथे बरीच ऊर्जा परत मिळते. मग पाण्यात संथ का? एक कारण असं की ते १८०.५ अंशांना वितळतं, म्हणून घनच राहतं आणि नवा पृष्ठभाग उघडा पडत नाही. सोडियम ९७.८ अंशांनाच वितळतं. किती ऊर्जा मिळणार आणि किती वेगाने मिळणार, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पाठ्यपुस्तकातलं "अधिक क्रियाशील" हे विशेषण दोन्ही एकत्र करून टाकतं, हे दहावीच्या मुलांना कळू शकतं. त्यांना कमी लेखू नका.

वेळ उरला तर एक गोष्ट सांगायला ठेवा. मोठा तुकडा टाकल्यावर स्फोट होतो तो हायड्रोजन पेटल्यामुळे, असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. २०१५ साली फिलिप मेसन, पावेल युंगविर्ट आणि सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या द्रवरूप मिश्रधातूचा थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. एका मिलिसेकंदाच्याही आत थेंबातून काटे बाहेर आले. इलेक्ट्रॉन पाण्यात निघून गेले, मागे राहिलेले धनभार एकमेकांना ढकलू लागले आणि धातूच फाटला.

अठराव्या गणावर, म्हणजे निष्क्रिय वायूंवर, फार वेळ घालवू नका. हीलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन असूनही तो तिथे का, एवढं सांगा. "निष्क्रिय म्हणजे कधीच नाही का?" असं कुणी विचारलं तर १९६२ साल सांगा. नील बार्टलेट यांच्या लक्षात आलं की झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायला जवळपास ऑक्सिजनच्या रेणूइतकीच ऊर्जा लागते, आणि त्यांनी झेनॉनचं संयुग करून दाखवलं.

तास संपल्यावर ट्रफमधलं गुलाबी पाणी म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड आहे, मुलांना बोट बुडवू देऊ नका. विरळ व्हिनेगर घालून रंग गेला की ओता. सोडियमची उरलेली कात्रणं आणि टिपकागद कचऱ्याच्या डब्यात किंवा बेसिनमध्ये अजिबात नको. ती ज्योतीपासून लांब, उघड्या भांड्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकेक करून सोडा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थांबा आणि मगच भरपूर पाणी घाला. सुरी आणि चिमटाही त्याच अल्कोहोलने पुसून घ्या, नंतर धुवा. बाटलीत तुकडे बुडलेले आहेत ना हे पाहून कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली परिचरांकडे द्या.