रेसेटियरमधलं कर्ज फेडायचं कसं

रेसेटियर या दुकान चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये पहिल्या खेपेला माझं दिवाळं निघालं ते कर्जाच्या चौथ्या हप्त्याला. दोन लाख पिक्स (गेममधलं चलन) भरायचे होते आणि माझ्या गल्ल्यात त्याच्या निम्मेही नव्हते. माल मात्र घरात रग्गड! तलवारी, ढाली, भूयारातून उचलून आणलेलं काय काय. दुकान गेलं आणि पुढच्या दृश्यात दुकानाची मालकीण रेसेट बिचारी एका खोक्यात राहताना दिसली.

ज्यांनी अजून खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईझीगेमस्टेशन या छोट्या जपानी चमूने २००७ साली काढलेला हा गेम २०१० मध्ये इंग्रजीत आला. रेसेटचा बाप कर्ज काढून साहसं करायला निघून गेलाय, आणि वसुलीला आलेली टिअर नावाची परी तिला म्हणते, घर विकू नको, त्यातच दुकान थाट. एकूण देणं ८,२०,००० पिक्स. हप्ते पाच, दर आठवड्याला एक: १०,०००, ३०,०००, ८०,०००, २,००,००० आणि ५,००,०००. हे आकडे कागदावर लिहून समोर ठेवा. पहिले दोन हप्ते इतके सहज जातात की आपण धंद्यातले किडे आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटलं होतं.

आता भाव. गिऱ्हाईक दुकानातली एखादी वस्तू घ्यायला पुढे आलं की गेम मूळ किंमत दाखवतो आणि तुम्ही सांगितलेला भाव तिच्या किती टक्के होतो तेही दाखवतो. नवखा माणूस इथे लगेच १५० टक्के ठोकतो. गिऱ्हाईक नाक मुरडतं, घासाघीस होते, कधी ते तसंच निघूनही जातं. मी सुरुवातीचे दिवस सरळ १०५ टक्क्यांवर काढते. नफा चणे-फुटाण्याचा, पण पहिल्याच भावाला होकार मिळत गेला की लागोपाठच्या विक्रीची साखळी तयार होते आणि व्यापारी म्हणून मिळणारा अनुभव भराभर वाढतो. एकदा घासाघीस झाली की साखळी तुटली. या अनुभवाने व्यापारी पातळी वाढली की धंद्याच्या नव्या वाटा उघडतात, ऑर्डरी घेता येतात, दोन वस्तूंची मिळून तिसरी करता येते. खरी कमाई तिथून सुरू होते.

पातळी जरा वर गेली की मग १२०, १३०. पण माणूस बघून. छोटी मुलगी आली तर हात आखडता घ्या, तिच्या खिशात असतात चार पैसे. एकदा मी तिला महागडी वस्तू दाखवली, तिने नकार दिला. भाव कमी केला, पुन्हा नकार. आणि ती गेली. पाच विक्रींची साखळी त्या एवढ्याशा पोरीने मोडली. उलट अलुएट ही श्रीमंताघरची नखरेल मुलगी दारात दिसली की दुकानातला सगळ्यात भारी नग पुढे करायचा. लोक तुम्हाला माल विकायला येतील तेव्हा मी ७० टक्क्यांच्या आसपास बोलणी सुरू करते.

लुईचं प्रकरण वेगळं. माल गोळा करायला भूयारात जावं लागतं, तिथे तुमच्यासाठी लढणारा हा पहिला गडी, आणि तो कफल्लक! त्याला तलवार विकताना नफ्याकडे बघू नका, मूळ किमतीला द्या. विकत घेतलेलं हत्यार तो पुढच्या मोहिमेत स्वतः वापरतो. म्हणजे त्याला स्वस्तात दिलेली तलवार तुमच्याच कामाला येते, शिवाय तुमच्या पिशवीत जागा अडवत नाही.

दिवसाचे चार भाग असतात. दुकान उघडलं की एक जातो, भूयारात गेलं की दोन. म्हणून भूयाराची चटक लावून घेऊ नका (मला लागली होती). मोहिमेत लुई आडवा झाला तर गोळा केलेल्या मालातली एकच वस्तू घरी नेता येते. भरलेल्या पिशवीसमोर बसून ती एक निवडताना जीव कसा कासावीस होतो ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. दर पाच मजल्यांनंतर बाहेर पडायची संधी मिळते. पिशवी भरत आली आणि लुईचा जीव निम्म्यावर असेल तर गुपचूप परत फिरा.

भावांच्या बातम्यांवर डोळा ठेवा. एखाद्या प्रकारचा माल कोसळला की बाजारातून उचलायचा आणि तेजी येईपर्यंत दाबून ठेवायचा. फक्त त्यात सगळी रोकड अडकवू नका. मी चौथ्या हप्त्याला बुडाले ती याच पायी: ढाली स्वस्त म्हणून भरून ठेवल्या आणि तेजी आलीच नाही. हप्त्याच्या दोन दिवस आधी नवी खरेदी बंद, खिडकीजवळ चांगला माल मांडायचा आणि सगळा वेळ दुकानाला. ऑर्डर घेतली असेल तर ठरल्या दिवशी तो माल हजर हवाच.

आणि बुडालात तरी रडू नका. गेम तुम्हाला मागे नेतो, पण व्यापारी पातळी आणि साठवलेला माल हाती राहतो. दुसऱ्या खेपेला मी त्याच ढाली घेऊन पहिला आठवडा सुरू केला. या वेळी खपल्या.