खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये समुद्री शेवाळ तगत नाही? दिवा बदलण्याआधी त्याची भूक तपासा

घरच्या टँकमधलं समुद्री शेवाळ फिकट पडायला लागलं की बहुतेक जण दिवा बदलतात, नाहीतर पाणी बदलतात. मीही तेच केलं होतं. केटोमॉर्फा नावाच्या समुद्री शेवाळाचा हिरवागार गोळा, अगदी नायलॉनच्या दोऱ्याच्या गुंत्यासारखा, महिनाभरात सुपारीएवढा उरला. त्याच सुमारास काटोलचे काका घरी आले होते. त्यांची संत्र्याची बाग आहे. टँकपाशी वाकून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "उपाशी आहे बे हे." संध्याकाळी पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं अन्न, मोजलं तर शून्य निघालं. मी पाणी बदलत होतो, म्हणजे होतं नव्हतं ते अन्नही काढून टाकत होतो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी अन्न, मग उष्णता आणि क्षार, दिवा सर्वांत शेवटी.

१. आधी हातात घेऊन बघा

बादलीत टँकचंच पाणी घ्या आणि शेवाळ त्यात काढा. निरोगी केटोमॉर्फा बोटांना बारीक तारेसारखा ताठ लागतो. आजारी असेल तर लिबलिबीत होऊन बोटाला चिकटतो आणि कुजका वास येतो. गोळा बाहेरून हिरवा पण आतून पांढरा असेल तर आतपर्यंत उजेड पोचत नाही, एवढंच. सगळीकडे सारखाच फिकट असेल तर बहुधा उपासमार आहे. आणून दोन-तीन दिवसांतच पांढरा पडून तुटायला लागला असेल तर क्षार किंवा तापमान एकदम बदलल्याचा धक्का समजा.

बादलीतच गोळा हलक्या हाताने हलवा. तळाला गाळ बसेल आणि त्यात तिळाएवढे जीव पळताना दिसतील. ते मित्र आहेत, त्यांना परत टँकमध्ये सोडा. गाळ मात्र फेका. गोळ्यात साचलेली घाण आतून कुजते आणि त्यावर केसाळ शेवाळ चढतं.

२. अन्न मोजा, अंदाज करू नका

खाऱ्या पाण्यासाठीचे नायट्रेट आणि फॉस्फेटचे किट घ्या. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम एवढं असलं की वाढ चांगली होते. दोन्ही लागतात. एक संपलं की दुसरं पाण्यात तसंच पडून राहतं आणि आपण चक्रावतो, की नायट्रेट ४० आहे, मग शेवाळ का वाढत नाही? अशा वेळी फॉस्फेट बघा. ॲटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी १९८३ साली समुद्री शैवाल आणि समुद्री गवतांमधलं कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं सर्वसाधारण प्रमाण ५५०:३०:१ असं मांडलं होतं. म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे तीस. दोन-तीन लहान मासे असलेल्या टँकमध्ये नायट्रोजन आधी का संपतो, ते यावरून कळतं.

कमी पडत असेल तर आधी फुकटचे उपाय करा. फॉस्फेट शोषणारं माध्यम काढा, स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दिवसातले काही तास बंद ठेवा, माशांचं खाणं थोडं वाढवा. तरीही शून्यच राहिलं तर पोटॅशियम नायट्रेट घाला. शेतकरी ज्याला १३:०:४५ म्हणतात तेच हे, पण टँकसाठी प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं घ्या. १०० लिटर पाण्यात ०.८ ग्रॅम घातलं की नायट्रेट साधारण ५ पीपीएमने वाढतं. ते दोन दिवसांत विभागून घाला आणि पुन्हा मोजा.

दोन्ही आकडे ठीक असूनही रंग उतरत असेल तर लोह कमी आहे का, हा संशय घ्या. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत संत्र्याची पानं लोहावाचून पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेवाळाला शिरा नसल्यामुळे इतकी स्पष्ट खूण मिळत नाही. लोहाचं द्रावण बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा आणि आठवडाभर नव्या टोकांचा रंग बघा.

३. नागपूरचा उन्हाळा

इथे खरी परीक्षा आहे. टँकचं पाणी २४ ते २६ अंशांवर असावं. ३० च्या वर गेलं की काळजी, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि रात्री शेवाळही ऑक्सिजनच वापरतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) टँक सांभाळायचा तर पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. कोरड्या हवेत तो दोन-तीन अंश सहज उतरवतो. पण त्याच बंद खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावतं आणि पंख्याचा उपयोग अर्ध्यावर येतो. म्हणून कूलरच्या खोलीत खिडकी उघडी ठेवा, नाहीतर टँकच दुसऱ्या खोलीत हलवा.

पंख्यामुळे पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १०० लिटरमधून तीन लिटर उडालं की क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३५ वरून ३६ च्या पुढे जाते. म्हणून रोज सकाळी गोडं पाणी घालून पातळी खुणेवर आणा. खारं पाणी घालू नका. घरच्या आरओच्या पाण्यावर आधी टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) धरून बघा. पिण्याच्या आरओमध्ये बऱ्याचदा मूळ पाण्याचा थोडा भाग किंवा खनिजं मुद्दाम मिसळलेली असतात, आणि ती महिनोन्‌महिने टँकमध्ये साचत जातात.

नवं शेवाळ कुरिअरने मागवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच दिवसांत मागवा. मे महिन्यात पार्सल उघडलं तर आत हिरवट सूप मिळतं.

४. प्रवाह आणि दिवा

गोळा सावकाश फिरत राहील एवढा प्रवाह पुरे. दिव्याला फार पैसे घालू नका. झाडांसाठीचा साधा पांढरा एलईडी चालतो, प्रवाळांच्या निळ्या दिव्याची गरज नाही. शेवाळ वेगळ्या सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत) असेल तर त्याचा दिवा रात्री लावा, म्हणजे रात्री घसरणारा पीएच सावरतो.

५. कॉलेर्पा असेल तर

कॉलेर्पा हे टँकमधलं दुसरं समुद्री शेवाळ. तो दिसतो वेलीसारखा, पण अख्खी वेल ही एकच अवाढव्य पेशी असते. कात्रीने मधोमध कापली तर आतला द्रव पाण्यात गळतो. म्हणून छाटणी करताना आडवी धावणारी फांदी मुळांसकट उचलून काढा. वेल काचेसारखी पारदर्शक व्हायला लागली की ती बीजपेशी सोडायच्या बेतात आहे, हे ओळखा. माझ्याकडे एकदा रात्रीत हे घडलं आणि सकाळी टँक ताकासारखा पांढुरका झाला होता. मासे वर येऊन तोंड उघडत होते. असं झालं तर पारदर्शक झालेला सगळा भाग ताबडतोब काढा, एअर पंप पूर्ण जोरात लावा, पाणी गाळणारा ताजा कार्बन (सक्रिय कोळसा) टाका आणि तिसरा हिस्सा पाणी बदला. त्यासाठी मीठ मिसळून तयार ठेवलेलं पाणी नेहमी एका झाकलेल्या ड्रममध्ये असू द्या.

काढलेला कॉलेर्पा नाल्यात किंवा तलावात टाकू नका. गच्चीवर उन्हात पूर्ण वाळवा, मग कचऱ्यात द्या.